वहिनींचा ब्लॉग, दादाचा अंगठा

माझ्या वहिनी पडद्यांच्या दुकानात काम करतात. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापड सुचवायचं, पडदे शिवून घ्यायचे आणि शेवटी स्टुलावर चढून ते टांगून द्यायचे. कोणाला ऊन नको असतं, कोणाला शेजाऱ्यांची नजर नको असते, तर कोणाला नुसताच बदल हवा असतो. घरी येऊन त्या हे असं रंगवून सांगायच्या की ऐकणाऱ्याचा घास हातातच राहायचा. पण लिहायचं म्हणाल, तर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे त्यांची मजल कधी गेली नव्हती.

माझा दादा मोटार ट्रेनिंग स्कूल चालवायचा. स्कूल म्हणजे तो आणि एक गाडी, शेजारच्या सीटपाशी जादा ब्रेक नि क्लच बसवलेली. त्याच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू. "हळू, हळू. घाई कोणाला आहे? बाजूला घे. आरशात बघ, त्यात तू सोडून बाकी सगळं बघ." शिकायला येणारी माणसं घाबरलेली असतात आणि त्यांना शांततेची जास्त भीती वाटते, असं त्याचं मत होतं. म्हणून तो बोलत राहायचा.

एका सकाळी तो एका बेकरीवाल्या बाईंना गाडी वळवायला शिकवत होता. मधेच त्याचं बोलणं अडखळलं. बाईंना आधी वाटलं, आपल्या चुकीने मास्तर संतापलेत. मग त्यांनी वळून पाहिलं तर तोंड वाकडं झालेलं, उजवा हात मांडीवरून घसरलेला. त्या बाईंकडे फक्त शिकाऊ परवाना होता आणि गाडी मागे घेता येत नव्हती. त्यांनी ती पुढेच घेतली, थेट दवाखान्यापर्यंत. दादाचा जीव वाचला तो त्यांच्यामुळे.

जीव वाचला, पण बोलणं गेलं. म्हणजे सगळंच गेलं नाही. "हळू" राहिलं, "बाजूला घे" राहिलं आणि एक शिवी राहिली. ज्या माणसाने कधी कोणा शिकाऊ माणसाला वाकडा शब्द वापरला नाही, त्याच्या तोंडी नेमकी ती शिवी का उरावी, हे आम्हाला कळेना. बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "असं होतं. शिव्या मेंदूत वेगळ्या जागी असतात. आहे तो शब्द जपा." वाचताही येत नव्हतं. अक्षरं दिसायची, पण जुळायची नाहीत. समजत मात्र सगळं होतं. चहा हवा असला तरी "हळू", नको असला तरी "हळू". सूर ओळखायचा आणि त्यावरून अर्थ लावायचा, हे वहिनींचं नवं काम होऊन बसलं.

ब्लॉग माझ्या पुतणीने काढून दिला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. रोज फोन करून "आज बाबा कसे आहेत?" विचारायची आणि वहिनी तेच तेच सांगून थकायच्या. शेवटी ती म्हणाली, "आई, तू एकदाच लिहून टाक. मी वाचेन, काका वाचतील, ज्याला हवं तो वाचेल."

"मला कुठे लिहिता येतं?"

"बोलतेस तसं लिही. खिडक्यांचं सांगतेस ना, तसं."

वहिनींनी लिहिलं. दुकानात गिऱ्हाईक नसताना, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून, फोनवर एका बोटाने. मी छापखान्यात प्रुफं तपासण्यात उभा जन्म काढलेला माणूस. मजकूर आधी माझ्याकडे यायचा आणि मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवायचो. एकदा मी एक वाक्य जरा भारदस्त करून दिलं, तर उलट टपाली फोन आला. "भाऊजी, हे मी नाही बोलत. हे तुमचा छापखाना बोलतोय." तेव्हापासून मी वेलांटीच्या पुढे गेलो नाही.

पहिला लेख बेकरीवाल्या बाईंचा होता. 'दुसऱ्या गिअरमध्ये' असं त्याचं नाव. शिकाऊ बाईंनी बेशुद्ध मास्तरांना दुसऱ्या गिअरमध्ये सगळं शहर ओलांडून कसं नेलं, मागून हॉर्न कसे वाजत होते, आणि दवाखान्याच्या दारात बाईंनी गाडी तिरकी लावल्याबद्दल रखवालदाराची माफी कशी मागितली, हे सगळं. पुतणीने तो आपल्या मैत्रिणींना पाठवला, त्यांनी आणखी कोणाला. बघता बघता अनोळखी माणसं खाली लिहायला लागली. कोणाच्या वडिलांना असंच झालेलं, कोणाच्या बायकोला. 'आमच्याकडे फक्त आकडे उरलेत,' असं एकाने लिहिलं. 'माझी सासू फक्त गाते,' असं दुसरीने. वहिनी प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. इतकी वर्षं लोकांच्या घरात शिरून खिडक्या मोजल्या होत्या, आता लोक त्यांच्या घरात डोकावत होते आणि त्यांना ते बरं वाटत होतं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आपल्या घरातलं लिहिलेलं लोक वाचताहेत याचंच अप्रूप होतं.

वर्षभरात एका डिजिटल प्रकाशन संस्थेतून फोन आला. भेटायला आलेला माणूस तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. तिथे त्याचं काम मार्केटिंगचं होतं. ब्लॉगमधून ई-पुस्तक काढू, असं त्याचं म्हणणं. त्याने वहिनींना खरोखर उपयोगाच्या गोष्टी शिकवल्या. लेख ठरलेल्या वारीच टाकायचा, म्हणजे वाचक वाट बघतो. पहिल्या दोन ओळींत माणूस थांबला पाहिजे. वाचकांचे ई-मेल पत्ते आपल्याकडे हवेत, कारण उद्या ती वेबसाइट बंद पडली तर वाचकही गेले. वहिनींना हे सगळं दुकानासारखं वाटलं आणि पटलं. शोकेसमध्ये काय लावायचं आणि आत काय ठेवायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

अडलं ते नावावर.

"'माझा मुका नवरा' ठेवू," तो म्हणाला. "लोक काय टाइप करून शोधतात, त्याचा विचार करावा लागतो."

"हे मुके नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"तसं नाही हो, पण पटकन कळतं."

"कळतं, पण चुकीचं कळतं."

त्याने हसून नावाचा विषय पुढे ढकलला. फुकट वाचायला द्यायचं नमुना प्रकरण मात्र त्याने आधीच निवडून ठेवलं होतं. 'बाथरूमचं दार'. तो लेख ब्लॉगवर सर्वांत जास्त वाचला गेला होता. एकदा दादा बाथरूममध्ये पडला, आतून कडी लागलेली. हाक मारता येईना. तो डाव्या हाताने प्लास्टिकचा मग बादलीवर आपटत राहिला आणि बाहेर मिक्सर चालू असल्यामुळे वहिनींना ऐकू गेलं नाही. शेवटी त्यांनी पडद्याच्या लोखंडी दांडीने कडी उचकटली. आत तो कसा दिसला, कपड्यांची काय दशा होती, तो तोंड कसं फिरवत होता, हे सगळं वहिनींनी लिहिलं होतं. मी तो शेवटपर्यंत वाचला होता. वेलांट्याही मीच तपासल्या होत्या.

त्यानंतरच्या आठवड्यात वहिनी आणि मी दादाला दवाखान्यात व्यायामासाठी घेऊन गेलो. तिथल्या बाकावर आपली पाळी येण्याची वाट बघत बसलो होतो. समोर बसलेल्या एक बाई दादाचं "हळू" ऐकून उठल्या आणि सरळ दादाकडे आल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने, एकेक शब्द तोडून त्या म्हणाल्या, "मी... तुमचं... सगळं... वाचते. ते बाथरूमचं वाचून तर खूप रडले हो मी. किती सोसलंत."

हॉलमधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. दादाने आधी त्या बाईंकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला एवढंच ठाऊक होतं की बायको फोनवर 'थोडंसं लिहिते'. काय लिहिते ते त्याला वाचता येत नव्हतं, आणि कोणी वाचून दाखवलंही नव्हतं.

गाडीत बसल्यावर तो एकदाच बोलला. ती शिवी. पण ती सवयीची नव्हती, मोजून दिलेली होती. घरी येऊन त्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली.

पुढे कितीतरी दिवस त्याने व्यायाम केला नाही. थेरपिस्ट बाई आल्या की डोळे मिटून घ्यायचा. वहिनींनी दिलेला चहा प्यायचा, पण त्यांच्याकडे बघायचा नाही. वहिनींनी ब्लॉग बंद करून टाकला, काहीही न कळवता. वाचकांचे निरोप यायला लागले. मार्केटिंगवाल्याचे फोन वाजत राहिले. एका संध्याकाळी मी गेलो, तेव्हा त्या ओट्यापाशी नुसत्याच उभ्या होत्या.

"भाऊजी, मी ह्यांच्याबद्दल चांगलंच लिहिलं होतं ना?"

"चांगलंच होतं."

"मग मी ह्यांना वाचून का नाही दाखवलं? आल्यागेल्याला दाखवलं, तुम्हाला दाखवलं. ज्याच्याबद्दल आहे तोच माणूस पलीकडच्या खोलीत बसलेला." त्यांनी गॅस बंद केला. गॅसवर काहीच नव्हतं. "हे बोलू शकत नाहीत, म्हणजे विचारायची गरजच नाही, असं मी धरून चालले. आणि त्या बाईचा राग आला मला, लहान मुलासारखं बोलली म्हणून."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी दादाच्या खुर्चीसमोर स्टूल ओढलं, पडदे टांगायचं तेच, आणि त्यावर बसून म्हणाल्या, "अहो, मी सगळं वाचून दाखवते. पहिल्यापासून. तुम्ही सांगा काय ठेवायचं आणि काय काढायचं. सगळं काढा म्हणालात तरी काढते. अंगठा वर केलात तर राहील, खाली केलात तर जाईल."

दादा भिंतीकडेच बघत होता. वहिनींनी वाचायला सुरुवात केली. 'दुसऱ्या गिअरमध्ये'. रखवालदाराची माफी मागण्याचा भाग आला, तसे दादाचे खांदे हलले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. वहिनी वाचतच राहिल्या. "हे बेशुद्ध होते, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता..."

"हळू," दादा म्हणाला आणि त्याने डावा हात वर केला. तीन बोटं दाखवली.

"काय तीन?"

तीन बोटं. मग चिडून पुन्हा तीन बोटं. मग हाताने गिअर टाकल्यासारखं केलं, वर आणि पुढे.

वहिनींना उमगेना. मला उमगलं. "तिसरा गिअर? दादा, त्या बाईंनी तिसरा टाकला होता?"

अंगठा वर.

वहिनींनी तिथल्या तिथे बेकरीवाल्या बाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. बाई विचार करून म्हणाल्या, "हो की. पुलापर्यंत दुसरा होता. पुलावर गाडी फारच ओरडायला लागली म्हणून तिसरा टाकला. माझ्या आयुष्यातला पहिलाच तिसरा. पण हे तुम्हाला कोणी सांगितलं? गाडीत तर मी आणि सर दोघंच होतो."

वहिनींनी फोन ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं? सगळा रस्ता?"

दादाने अंगठा वर केला नाही. नुसती मान डोलावली. वहिनींनी त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि मी चहा टाकायला आत गेलो. चहाची गरज कोणालाच नव्हती.

पुढचे कित्येक रविवार हे वाचन चाललं. एखाद्या लेखावर घटकाभर अडायचं, एखादा झटक्यात जायचा. 'बाथरूमचं दार' वाचायला त्याने सुरुवातही करू दिली नाही. अंगठा खाली. पण ज्यात तो रडतो असा एक लेख होता, तो त्याने ठेवला. आम्ही दोघंही चकित झालो. वहिनींनी पुन्हा विचारलं, तर पुन्हा वर. शिवीचा लेख अर्थात ठेवला, आणि वहिनींनी शिवीच्या जागी टिंबं दिली होती त्यांना मात्र अंगठा खाली. "नाही हो, मी नाही लिहिणार ते," वहिनी म्हणाल्या. दोघांची त्यावर चांगली जुंपली. एक जण बोलतोय आणि दुसऱ्याकडे तीनच शब्द, तरी भांडण बरोबरीचं झालं. शेवटी पहिलं अक्षर ठेवून टिंबं द्यायची, यावर तडजोड झाली.

एक लेख काढायला लावला त्याचं मला विशेष वाटलं. 'संत' नावाचा होता. दादा कसा कधीच कुरकुरत नाही, कसा शांतपणे सोसतो, असं काहीसं. वाचकांनी तो डोक्यावर घेतला होता. दादाने पूर्ण ऐकला, बारीक डोळे करून वहिनींकडे पाहिलं आणि अंगठा असा खाली केला, जणू गाडीत पायाखालचा जादा ब्रेक दाबतोय.

"का? चांगलं लिहिलंय की," मी म्हणालो.

उत्तरादाखल त्याने टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून भिंतीवर फेकलं. वहिनींना हसू आवरेना. "बरं बाबा, कळलं. कुरकुरता तुम्ही. भरपूर कुरकुरता. तसं लिहिते." त्या वर्तमानपत्राचा नवा लेख झाला, आणि तो त्यांच्या सर्वांत चांगल्या लेखांपैकी आहे असं माझं मत आहे.

मार्केटिंगवाला आला तेव्हा पुस्तक निम्म्यावर आलं होतं. त्याने यादी पाहून कपाळाला हात लावला. "बाथरूम नाही, संत नाही. लोक ज्यासाठी येतात तेच गेलं."

"ज्यांचं आहे त्यांनी काढलं," वहिनी म्हणाल्या आणि दादाकडे बोट दाखवलं. "त्यांच्याशी बोला."

तो गडबडला. मग खुर्ची दादासमोर ओढून बसला आणि त्याने साध्या आवाजात विचारलं, "सर, नमुना म्हणून मी काय देऊ?" हे त्याचं मला आवडलं. वहिनींनी एकेक नाव वाचलं आणि दादाने 'तिसऱ्या गिअरमध्ये'वर अंगठा वर केला. पहिल्या लेखाचं ते नवं नाव. त्यात आता शेवटी दादाची तीन बोटं आणि बाईंचा फोनही आला होता. मार्केटिंगवाल्याने तो तिथेच बसून फोनवर वाचला. वाचून झाल्यावर म्हणाला, "आधीपेक्षा हा बरा आहे." पुस्तकाचं नावही त्यावरूनच ठरलं.

ब्लॉग पुन्हा सुरू झाला, तेव्हा वहिनींनी वाचकांना खरं काय ते सांगितलं. काही लेख आता दिसणार नाहीत, कारण ते मी न विचारता लिहिले होते. बहुतेकांनी समजून घेतलं. काही जण बिथरले. 'आम्ही तुमच्यासोबत रडलो आणि आता तुम्ही दार लावून घेता?' असं एकीने लिहिलं. वहिनींनी तिला उत्तर दिलं, 'हो, बाथरूमचं लावलं.'

पुस्तक ज्या दिवशी आलं, त्या दिवशी हातात घ्यायला काहीच नव्हतं. मला ते चुकल्यासारखं वाटलं. शाईचा वास नाही, गठ्ठा सोडणं नाही. वहिनी तर सकाळीच एका दातांच्या डॉक्टरांकडे पडदे टांगायला गेल्या होत्या, कारण तसं आधीच कबूल केलेलं. पुस्तकाचा फार गवगवा झाला नाही. पण थेरपिस्ट बाई ते नव्या पेशंटच्या घरच्यांना सुचवायला लागल्या आणि तसं ते घरोघर गेलं. मार्केटिंगवाल्याच्या अंदाजापेक्षा कमी, वहिनींच्या अंदाजापेक्षा जास्त.

मग एका वाचकाचा निरोप आला की माझ्या भावाला वाचता येत नाही, ऐकता येईल असं काही काढा. वहिनी म्हणाल्या, हे आपल्या आधी का नाही लक्षात आलं? ध्वनिमुद्रण दुकानाच्या मागच्या गोदामात केलं, कारण चहूबाजूंनी कापडाचे गठ्ठे असल्यामुळे तिथे आवाज घुमत नाही. वहिनी वाचत होत्या, आणि दादाचे शब्द येतील तिथे दादाने स्वतः बोलायचं, असं ठरलं होतं. रेकॉर्डिंग करणारा बारीकसारीक गोष्टींवर अडून बसणारा निघाला. श्वासाचा आवाज आला, परत. खुर्ची वाजली, परत. बाहेर टेम्पो गेला, परत. वहिनींचा घसा बसत चालला. दादा मन लावून आपल्या जागेची वाट बघायचा आणि शब्द टाकायचा. असं बराच वेळ चाललं. मग वहिनींची जीभ एका सोप्या शब्दावर अडखळली. रेकॉर्डिंगवाल्याने हात वर करायच्या आधीच दादा म्हणाला, "परत."

त्याच्या तीन शब्दांत हा नव्हता. रेकॉर्डिंगवाल्याला त्यात विशेष काही वाटलं नाही, त्याने मान डोलावली आणि बटण दाबलं. वहिनींनी ते वाक्य परत वाचलं, न चुकता.

पुढच्या आठवड्यात थेरपिस्ट बाईंनी त्या शब्दासाठी खूप खटपट केली, पण तो आला नाही. नंतर एका दुपारी चहा संपल्यावर दादाने कप पुढे केला आणि म्हणाला, "परत." वहिनींनी त्याला विचारलं, हे लिहू का? त्याने जरा विचार केला आणि आधी चहा, अशी खूण केली.